ग्रँड कॅनियनमध्ये राफ्टिंग: बाबा तांडेल, आईचे गुडघे दुखतात, जमेल का?

हर्णैबंदर

मंडळी, जरा सल्ला पाहिजे. ताई अमेरिकेत असते, फिनिक्सला. पुढच्या वर्षी आईबाबांना तिकडे न्यायचंय आणि भावोजींच्या डोक्यात आलंय की सगळ्यांनी मिळून ग्रँड कॅनियनमध्ये राफ्टिंग करायचं, म्हणजे कोलोरॅडो नदीतून, गाईड असतात, जेवणखाण त्यांचंच, पण पाच-सहा रात्री नदीकाठच्या वाळूवर झोपायचं आणि आजूबाजूला नुसतं वाळवंट नि उभे कडे.

बाबा ६४. आयुष्य हर्णैला गेलं, पंचवीस वर्षं तांडेल (मासेमारी बोटीचे कप्तान) होते, अजून बोटीत हिस्सा आहे. त्यांचं म्हणणं, नदीला काय घाबरायचं, वादळात दाभोळची खाडी गाठलेला माणूस आहे मी. आई ५९, पोहता येत नाही, आणि जिना उतरताना गुडघा धरते.

आता माझा गोंधळ असा की भावोजींनी पाठवलेल्या माहितीपत्रकात रॅपिडच्या, म्हणजे नदीतल्या खळाळत्या उतारांच्या, पुढे ८, ९, १० असे आकडे आहेत आणि नेटवर बघतो तर राफ्टिंगच्या ग्रेडी फक्त ६ पर्यंत, मग १० म्हणजे काय स्वर्गाचं तिकीट का? दुसरं, पूर्ण ट्रिप महाग पडते म्हणून ते म्हणतायत फक्त वरचा अर्धा भाग करू. आणि जायचं जुलैत, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बाबा तेवढेच मोकळे. जाणकारांनी सांगा.

उगाच_कशाला

एवढे पैसे घालून अमेरिकेत भिजायला कशाला जायचं, चिपळूणला या जुलैत, घरबसल्या भिजाल.

कुंडलिकेचं_वल्हं

चिपळूणवाले, २२ जुलै २०२१ च्या महापुरात आम्ही राफ्ट घेऊन तिथे आलो होतो, त्यावर विनोद नको प्लीज.

हर्णैकर, मी कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगचा गाईड आहे, बारावा सीझन. ग्रँड कॅनियन मी स्वतः पाहिलेलं नाही पण तिकडे काम केलेला एक जण आम्हाला ट्रेनिंग द्यायला आला होता, रात्र रात्र बसून त्याला पिळलंय, त्यातलं सांगतो.

१० चं टेन्शन घेऊ नका. जगभर १ ते ६ धरतात, आपली कुंडलिका २-३ मध्ये येते. ग्रँड कॅनियनवाल्यांची मोजपट्टी वेगळी आहे, १ ते १०, जुनी सवय त्यांची. लाव्हा फॉल्स म्हणून रॅपिड आहे तो पाण्याप्रमाणे ८ ते १० धरतात, आपल्या हिशोबात तो ४ च्या पुढे जाईल. मोठाच आहे, पण त्यात दरवर्षी हजारो लोक गाईडबरोबर जातात. आणि सगळी नदी काय खवळलेली नसते. बाजूच्या दऱ्यांतून पावसात धोंडे वाहत येतात, आपल्याकडे पऱ्या कसा एका रात्रीत दगड आणून टाकतो तसे, ते नदीचं तोंड आवळतात, वरच्या अंगाला पाणी डोहासारखं तुंबतं आणि खाली धबाधबा पडतं. क्रिस्टल नावाचा रॅपिड तर डिसेंबर १९६६ मध्ये असाच एका पुरात मोठा झाला, त्याआधी फारसं कोणी दखल घेत नव्हतं. मधे मधे मैलोन्‌मैल निवांत पाणी.

आता बाबांचं. राग मानू नका, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते पोहता न येणाऱ्यांचं नाही, समुद्रावरच्या माणसांचंच. तीन वर्षांपूर्वी एक काका आले होते, खाडीतले, खांदे असे की वल्हं हातात काडीसारखं. दुसऱ्या रॅपिडला राफ्टमधून पडले. पाणी कमरेएवढंच, म्हणून खाडीत राहतात तसे पाय टेकवून सरळ उभे राहिले. संपलं. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकलं आणि मागून पाण्याने पाठीत ढकललं, माणूस पुढे वाकला की तोंड पाण्यात, कमरेएवढ्या पाण्यात हो. आम्ही दोघे जण वरच्या बाजूने दोर टाकून पोचलो म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते लिहायची इच्छा नाही. पायाचं हाड मोडलं, एवढ्यावर निभावलं. नदीत पडलं की उताणं व्हायचं, पाय वर, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, पाय खालच्या दिशेला म्हणजे दगड आला तर पायाने ढकलता येतो. पाणी गुडघ्याच्या खाली येईपर्यंत उभं राहायचं नाही, कितीही सोपं वाटलं तरी. आईला हे एकदा सांगून कळेल. बाबांना दहादा सांगा.

देवबागचो_झिलगो

वरच्यांनी बरोबर सांगितला. माका एकच सांगूचा आसा. समुद्रात लाट चलता आणि पाणी थयच ऱ्हवता. न्हयत उलटा, लाट थयच उभी आणि पाणी चलता. म्हणान समुद्रातलो माणूस फसता, तो लाट जावची वाट बघित ऱ्हवता, आणि ती जाणाच नाय.

असगोलीची_माहेरवाशीण

हे वाचून लॉगिन केलं खास. मी गुहागरजवळची, आता लास व्हेगासला, चार वर्षांपूर्वी जूनमध्ये हीच ट्रिप केली, मोटरची, सात दिवस, सासूबाई बरोबर होत्या.

आधी ते वरच्या अर्ध्याचं. करू नका!! वरचा अर्धा म्हणजे लीज फेरीहून सुरू होतो आणि फँटम रँचला संपतो, साधारण १४० किलोमीटर, तिथे होडी तुम्हाला सोडून पुढे जाते. मग बाहेर कसं यायचं? चालत. ब्राइट एंजल नावाची वाट आहे, १५ किलोमीटरच्या आसपास, आणि चढ १३०० मीटरच्या वर. रायगड समुद्रसपाटीपासून ८२० मीटर आहे, त्याच्या दीडपट चढायचं, पाठीवर पाणी घेऊन, जुलैच्या उन्हात, तळाला सावलीत ४० च्या पुढे जातं. आम्हाला ज्या एजंटने माहिती दिली त्यानेही हे बारीक अक्षरात लिहिलं होतं, सासऱ्यांनी भिंग घेऊन वाचलं म्हणून वाचलो. खालचा अर्धा घेतला तर तेवढंच उतरायचं, आणि दुखऱ्या गुडघ्यांना उतार चढापेक्षा वाईट. पूर्ण तरी करा नाहीतर मग दुसरंच काहीतरी, त्यावर खाली येते.

मोटरची होडी म्हणजे रबरी फुगे बांधलेली लांबच लांब, दहा मीटरच्या पुढे. वल्हवायचं काही नाही, दोर घट्ट धरून बसायचं. मागच्या बाजूला सामानाच्या आडोशाला बसलं की कमी भिजायला होतं, सासूबाईंनी ती जागा पहिल्या दिवशी पकडली ती शेवटपर्यंत सोडली नाही. बाबांना मात्र हातात वल्हं हवं असेल तर त्या ट्रिपा वेगळ्या, दोन आठवड्यांच्या असतात, त्यात आईचं काही खरं नाही.

पाणी थंड म्हणजे किती थंड ते सांगते. वर ग्लेन कॅनियनचं धरण आहे, १९६३ पासून पाणी अडवलेलं, आणि नदीत सोडतात ते तलावाच्या पोटातलं, पूर्वी ८ ते १० अंश असायचं, आता तलाव खाली गेला की जरा वाढतं म्हणतात. बाहेर ४२, खाली हे असं. पहिल्या रॅपिडला सासूबाईंच्या तोंडून जे निघालं ते मी घरात तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हणून पातळ रेनकोट, वरखाली दोन्ही, असं ऊन असूनही.

आणि ऊन आपल्यासारखं नाही. कोकणात घाम आला की कळतं, सदरा चिकटतो. तिथे घाम येतो आणि अंगावर दिसायच्या आत सुकतो, माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाहीये. मग डोकं दुखतं, मग चिडचिड. नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, मीठ पोटात गेलं पाहिजे, गाईड सारखे खारट काहीतरी खायला लावतात. मी कोकमाचं आगळ नेलं होतं बाटलीत, मीठ जास्त घालून, तिसऱ्या दिवसापासून गाईड माझ्याकडे कप घेऊन यायला लागले. रात्रीसाठी एक युक्ती: आईचं जुनं सुती पातळ घ्या, नदीत बुडवून पिळा आणि अंगावर घेऊन झोपा. सुकेपर्यंत झोप लागलेली असते. तिथले लोक सरोंग वापरतात, पातळ त्यापेक्षा मोठं, आम्ही दोघी एकात झोपलो.

संडासचं विचारलं नाहीत पण आई विचारेलच. लोखंडी डबा असतो, वर सीट, कॅम्पपासून लांब आडोशाला, बहुतेक वेळा नदीचा अख्खा देखावा समोर. आणि सात दिवसांचं ते सगळं होडीतून परत नेतात, वाळूत पुरायचं नाही. लघवी मात्र नदीतच करायची, काठावर नाही, हा तिथला नियमच आहे, वाळवंटात पाऊस कमी त्यामुळे काठावर वास राहतो. आपल्या बायकांना पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी काही वाटत नाही. मंगळसूत्र ताईच्या घरी काढून ठेवायला सांगा, चष्म्याला दोरी बांधा.

हर्णैबंदर

अरे बापरे, किती लिहिलंत, थँक्यू. अर्ध्या ट्रिपचं भावोजींना फॉरवर्ड केलं, त्यांचा रिप्लाय आला "अरे हे लिहिलंय खरं खाली". डोकं!

बाबांना धरणाचं सांगितलं तर ते म्हणाले मग पाणी कमीजास्त होत असणार. खरं का?

कुंडलिकेचं_वल्हं

बाबा तांडेल खरे! हाच तर मुद्दा आहे. आमचं कोलाडचं बघा, मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याला येतं (१९२१ च्या मुळशी सत्याग्रहातलं तेच धरण), वीज तयार होते आणि उरलेलं पाणी कुंडलिकेत सोडतात. सकाळी पाणी आलं की आमचा धंदा, नाही आलं तर पर्यटकांना चहा पाजत बसायचं. नदी आमची पण वेळापत्रक विजेचं. तिकडेही तसंच, शहरांत एसी लागले की धरणातून पाणी वाढतं, रात्री कमी होतं, आणि ती वाढ शेकडो किलोमीटर खाली जाते, त्यामुळे खाली कुठल्या कॅम्पला पाणी कधी चढेल ते अंतरावर ठरतं.

असगोलीची_माहेरवाशीण

अगदी. गाईड त्याला टाइडच म्हणतात, भरती-ओहोटी. आमची होडी चौथ्या रात्री सुकती लागली, सकाळी बघतो तर अर्धी वाळूवर, पाणी चार हात लांब. सगळ्यांनी खाली उतरून ढकलली, काही केल्या हलेना, शेवटी नाश्ता करून पाणी चढायची वाट बघितली. गाईडने दोर आखडून बांधला होता. मी मनात म्हटलं आमच्याकडच्या पोराने बांधला असता तर असं झालं नसतं.

जुलैचं राहिलं. तिकडेही जुलै-ऑगस्टात पावसाळा, त्याला ते मान्सूनच म्हणतात. आपल्यासारखी झड नाही, दुपारी एक ढग येतो, वीस मिनिटं कोसळतो आणि बाजूच्या दरीतून लाल चिखल दणादण येतो, कधी कधी पाऊस पडलेला असतो तो भलतीकडेच, तुमच्या डोक्यावर निळं आकाश. म्हणून दरीच्या तोंडाशी झोपायचं नाही, गाईड जागा बघून देतात. जमत असेल तर सप्टेंबर धरा. लहान ट्रिप हवी असेल तर हुआलापाई जमातीचे लोक पीच स्प्रिंग्जहून शेवटच्या टप्प्यात एका दिवसाची राफ्टिंग करवतात, किंवा युटामध्ये सॅन हुआन नदी, मऊ पाणी, कड्यांवर जुनी कोरलेली चित्रं. आईसाठी मला ती जास्त बरी वाटते.

पण बाबांना मोठी करायची असेल तर थांबवू नका. तिथे रात्री गाईड पॉवेलची गोष्ट सांगतात, १८६९ साली एक हात नसलेला हा माणूस, त्याला धरून दहा जण, चार लाकडी होड्यांतून निघाले, पुढे काय आहे याचा नकाशाच नाही, तीन महिन्यांनी बाहेर पडले तेव्हा दोन होड्या नि सहा माणसं उरली होती. एक जण आधीच सोडून गेला होता, तिघं शेवटच्या टप्प्यात रॅपिड बघून कंटाळले, चालत वर गेले आणि परत दिसलेच नाहीत. दोनच दिवसांचा प्रवास उरला होता. मला ती गोष्ट ऐकताना सारखे आमचे आजोबा आठवत होते.

हर्णैबंदर

ठरलं असं: सप्टेंबर नाही जमत, नारळी पौर्णिमेनंतर बाबा बंदर सोडणार नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊ. बाबा, ताई, भावोजी मोटरची पूर्ण ट्रिप, आई आणि भाची ताईच्या घरी, नंतर सगळे मिळून सॅन हुआन. त्याआधी रविवारी बाबांना कोलाडला आणतोय, वल्हंवाले दादा, त्यांना एकदा मुद्दाम पाण्यात टाका सुरक्षित जागी.

शेवटचा प्रश्न त्यांचाच. मासे आहेत का नदीत?

कुंडलिकेचं_वल्हं

आहेत, धरणामुळे पाणी गार आणि स्वच्छ झालं म्हणून लीज फेरीजवळ रेनबो ट्राऊट वाढला, तो मूळचा तिथला नाही. मूळचा हम्पबॅक चब, पाठीला कुबड असलेला, तो संरक्षित आहे, चुकून लागला तरी सोडायचा. गळ टाकायला ॲरिझोनाचं लायसन्स लागतं.

रविवारी साडेआठला या, पाणी त्यानंतर येतं.

हर्णैबंदर

सांगितलं. आता विचारतायत ट्राऊट खायला कसा लागतो, आणि त्याला आमसूल चालेल का.