पार्किन्सनच्या गोळीने माणूस जुगाराला लागतो का?

चिंचवडचा_थोरला
बाबा ६८ वर्षांचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त. टपरीवर चहा घेतला तरी सुटे पैसे मोजून घेणार. पार्किन्सनसाठी त्यांचं प्रॅमिपेक्सॉल दिवाळीनंतर वाढवलं. थरथर कमी झाली, शर्टाची बटणं स्वतः लावतात. पण आता मध्यरात्र उलटली तरी मोबाइलवर रमी चालू. परवा पासबुक भरून आणलं तर एक एफडी मोडलेली! आई म्हणते, म्हातारचळ. हे गोळीमुळे असेल, की मी उगाच बाबांची बाजू घेतोय?

फिजिऑलॉजीवाल्या_बाई
गोळीमुळे असू शकतं, आणि शक्यता चांगलीच आहे. पण ती स्वतःहून बंद करू नका. एकदम थांबवली तर घबराट, घाम, नैराश्य असं काहीही मागे लागतं. न्यूरोलॉजिस्टना गाठा आणि पासबुक दाखवा. बाबांसमोर बोलवत नसेल तर आधी चिठ्ठी आत पाठवा.

आता कारण. (मी डॉक्टरी करत नाही, मेडिकलच्या पोरांना शिकवण्यात हयात गेली.) पार्किन्सनमध्ये मेंदूच्या सब्स्टान्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. (डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवणारं रसायन.) हालचालींकडे जाणारा डोपामिनचा पुरवठा आधी आटतो. बक्षिसाची ओढ लावणारा, शेजारून जाणारा पुरवठा मात्र बराच शाबूत असतो. प्रॅमिपेक्सॉल डोपामिनची नक्कल करतं. शेताच्या टोकाला पाणी पोचावं म्हणून पाट जोरात सोडला की अलीकडच्या सऱ्या तुंबतात, तसं होतं. त्यात हे औषध डी३ रिसेप्टरला (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची डोपामिन धरणारी जागा, डी३ हा तिचा एक प्रकार) जास्त धरतं, आणि ते रिसेप्टर नेमके या ओढीच्या भागात दाट.

रमीच का? मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं होतं: बक्षीस म्हणून फळाचा रस अनपेक्षित मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात पेटतात, अपेक्षित रस चुकला की क्षणभर गप्प होतात. गोळीने रिसेप्टर सतत चालूच राहिला तर ती गप्प होण्याची खूण पुसट होते. जिंकल्याचं सुख राहतं, हरल्याचा चटका बसत नाही. मला तरी हा खुलासा पटतो.

अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० मध्ये छापून आली. जुगार, खरेदी, खाणं, कामवासना यांपैकी कशावर तरी ताबा सुटलेले प्रॅमिपेक्सॉलसारख्या, डोपामिनची नक्कल करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत १७.१ टक्के होते, न घेणाऱ्यांत ६.९.

साताऱ्याची_सुमन
आमच्या ह्यांनी रेडिओ, मिक्सर, इस्त्री, सगळं खोलून ठेवलं होतं. रात्रभर स्क्रू लावत बसायचे, जेवायला उठायचे नाहीत. डॉक्टरांनी ही गोळी हळूहळू उतरवली, लेव्होडोपा (पार्किन्सनचीच दुसरी गोळी) थोडी वाढवली. नाद गेला. माझा मिक्सरही गेला, ते वेगळं.

चिंचवडचा_थोरला
बाई, आभार. पण धाकटा भाऊ म्हणतो, गोळी काय बोट धरून रमी खेळायला लावते का? त्याला काय सांगू?

फिजिऑलॉजीवाल्या_बाई
त्याला म्हणावं, बोट बाबांचंच. पण आयुष्यभर मोजून पैसे घेणारा माणूस एफडी मोडतो तेव्हा गोळी वाढवल्याची तारीख आणि एफडी मोडल्याची तारीख शेजारी ठेवून बघ. सगळ्यांना होत नाही हेही खरं; पूर्वी जुगार खेळलेल्यांना, घराण्यात तो नाद असलेल्यांना धोका जास्त. तुमच्या घरात कुणी होतं का, तेही डॉक्टरांना सांगा. डोस उतरवला की बहुतेकांची ओढ ओसरते, पण थरथर थोडी परत येऊ शकते, याची बाबांना आधीच कल्पना द्या. आणि त्यांच्याशी बोलून त्या फोनवरचं बँकेचं ॲप आजच काढा.