झोप लागता लागता इंग्रजी शब्द ऐकले तर डोक्यात राहतात का?

सेकंडशिफ्ट_अंबड:
नाशिकजवळच्या अंबडला सेकंड शिफ्ट, घरी पोचेपर्यंत बारा वाजतात. बँकेच्या परीक्षेसाठी शब्दसंग्रह वाढवायचाय आणि हातात आहे तो अंथरुणावरचा अर्धा तास. यूट्यूबवर 'झोपेत हजार शब्द शिका' छापाचे आठ-आठ तासांचे व्हिडिओ दिसतात. ते रात्रभर लावून ठेवले तर काही पदरात पडतं का? नसेल तर त्या अर्ध्या तासात नेमकं काय करावं? खोली एकच आहे, धाकटा भाऊ शेजारीच झोपतो.

शब्दबटवा:
रात्रभर मुळीच लावू नकोस भाऊ. हा प्रश्न जुना आहे. सायमन आणि एमन्स या अमेरिकन संशोधकांनी १९५० च्या दशकात मेंदूच्या लहरी मोजत झोपलेल्यांना प्रश्नोत्तरं ऐकवली. ज्यांना काही आठवलं ते त्या क्षणी खरे झोपलेलेच नव्हते. गाढ झोपेत ऐकवलेलं सकाळी आठवत नव्हतं.

आता तुझा खरा मुद्दा, डुलकी लागतानाची वेळ. इथे बहुतेक जण फसतात. झोप लागली की त्याच्या आधीच्या काही मिनिटांत ऐकलेलंही पुसट होतं. म्हणजे यादीतले शेवटचे शब्द कान ऐकतात, पण सकाळी ते सापडत नाहीत. म्हणून नवा शब्द अंथरुणावर पहिल्यांदा ऐकायचाच नाही. तो बसून, दिव्याखाली, वहीत लिहून शिकायचा. पडल्यावर फक्त उजळणी.

वाटणी अशी कर: १५ मिनिटं बसून १२ शब्द, मग ९-१० मिनिटं पडून तेच १२ ऐकायचे, मग आवाज बंद आणि झोप. एका रात्रीत चाळीस-चाळीस शब्दांचा हट्ट नको. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी कोऱ्या कागदावर बाराही शब्द स्पेलिंगसकट आणि अर्थ, न बघता. जे चुकतील तेवढेच पुन्हा शिकायचे. रात्री शिकून, झोपून, सकाळी पुन्हा शिकलं तर कमी फेऱ्यांत पाठ होतं आणि जास्त टिकतं. फ्रान्समध्ये २०१६ साली स्वाहिली शब्दांवर नेमका हाच प्रयोग झालाय. पुढची उजळणी तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी.

पंचवटीकर:
थोडा विरोध. झोपेत काहीच होत नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी २०१९ मध्ये गाढ झोपेत बनावट शब्द आणि त्यांचे अर्थ ऐकवले. जाग आल्यावर 'ही वस्तू बुटाच्या खोक्यात मावेल का?' असं विचारलं, तर लोकांची उत्तरं निव्वळ अंदाजापेक्षा बरी आली.

शब्दबटवा:
बरोबर, पण त्यांना अर्थ सांगता येत नव्हता, फक्त मोठी वस्तू की छोटी एवढाच कौल लागत होता. तेसुद्धा जोडीतला दुसरा शब्द गाढ झोपेतल्या मेंदूच्या मंद लहरीच्या नेमक्या माथ्यावर पडला तर. डोक्याला तारा लावल्याशिवाय ते घरी साधत नाही आणि परीक्षेत बुटाचं खोकं विचारत नाहीत :)

त्यापेक्षा कामाचा प्रयोग २०१५ चा. जर्मन बोलणाऱ्यांनी संध्याकाळी डच शब्द शिकले, मग त्यातले काही झोपेत हळू आवाजात ऐकवले, आणि तेवढे शब्द जास्त लक्षात राहिले. गंमत म्हणजे शब्दामागोमाग लगेच अर्थ ऐकवला तेव्हा फायदा नाहीसा झाला. त्या व्हिडिओंत नेमकं हेच चालतं, शब्द-अर्थ, शब्द-अर्थ, आठ तास. वर मधली कर्कश जाहिरात, तिच्याने झोप मोडते ती वेगळीच.

टेपरेकॉर्डर:
ऑडिओ स्वतःच्या आवाजात कर. एका शब्दाचा साचा: शब्द दोनदा, ४ सेकंद शांतता, मराठी अर्थ, एक छोटं वाक्य, पुन्हा ३ सेकंद शांतता. साधारण १५ सेकंद होतात. बारा शब्दांची ३ मिनिटं, तीन फेऱ्या म्हणजे ९. पहिल्या शांततेत अर्थ मनात म्हणायचा. ती जागा सोडली नाही तर नुसतं गाणं ऐकल्यासारखं होतं, डोकं काही काम करत नाही. दर फेरीत शब्दांचा क्रम बदल, नाहीतर शब्द नाही, क्रम पाठ होतो. ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) शांततेचा एक तुकडा करून चिकटवत गेलं की काम पटकन होतं.

आवाज: पंखा चालू असला की त्याच्या घरघरीत स, फ, थ आधी हरवतात. पंखा बंद असतो तेव्हा, थंडीच्या दिवसांत, तीच फाइल बरीच हळू लावली तरी चालते. भावाला आवाज ऐकू यावा पण शब्द कळू नये, एवढाच ठेव. इअरफोन कानात ठेवून झोपू नकोस, कान दुखतो आणि वायर गळ्याशी येते. फोनवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये स्लीप टायमर (ठरल्या वेळी आवाज बंद करणारा) आहे, १० मिनिटं लाव आणि फोन पालथा ठेव. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली नको, तापतो.

गोदाकाठ:
यादी निवडण्याबद्दल कोणी बोललं नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पेंगताना सारख्या आवाजाचे शब्द एकमेकांत मिसळतात. 'अलीव्हिएट' म्हणजे शमवणे, 'एलिव्हेट' म्हणजे उंचावणे. 'अडॅप्ट' म्हणजे जुळवून घेणे, 'अडॉप्ट' म्हणजे स्वीकारणे. अशा जोड्या एकाच रात्री घेऊ नयेत. विरुद्धार्थींचंही तेच: 'स्कार्स' आज घेतला तर 'अबंडंट' पुढच्या आठवड्यात.

काही शब्द कानाने शिकताच येत नाहीत. 'स्टेशनरी' स्थिरही आणि वह्या-पेनंही, फरक फक्त एका अक्षराचा. 'प्रिन्सिपल'चाही उच्चार एकच, पण मुख्य आणि तत्त्व असे दोन वेगळे शब्द. हे दिवसा लिहूनच. 'ईव्हेंच्युअली'चा अर्थ 'कदाचित' असा पाठ झालेले बरेच भेटतात, तो 'शेवटी' आहे. चुकीचा अर्थ रेकॉर्ड झाला की तोच रोज रात्री घोटला जातो, म्हणून फाइल करण्याआधी शब्दकोश उघडून बघा. सुटीच्या दिवशी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) बसून आठवड्याच्या याद्या काढून ठेवल्या तर रोजची कटकट वाचते.

सेकंडशिफ्ट_अंबड:
सगळ्यांचे आभार. एकच शंका, दुसऱ्या फेरीतच डोळा लागला तर?

शब्दबटवा:
लागू दे. बसून केलेलं असतं, त्यामुळे नुकसान नाही. रोजच पहिल्या फेरीत लागत असेल तर मात्र झोप कमी पडतेय असं समज. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते आणि शब्द पक्के व्हायला ती लागते. त्या आठवड्यात ऑडिओ बंद, बसून करायचं तेही ८ शब्दांवर आण. सकाळचा कागद मात्र चुकवू नकोस.