दोन लहान मुलं घेऊन भूतानला जायचंय, काय न्यावं, काय नाही?

चिमण्यांची आई (देवळाली कॅम्प)

नमस्कार. ह्यांची पोस्टिंग भूतानला आली आहे, आपल्या सैन्याचं प्रशिक्षण पथक आहे ना तिथे, इम्ट्रॅट, त्यात. फॅमिलीला परवानगी मिळेल असं सध्या तरी सांगतायत. मोठी सव्वापाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. मी निफाडची. निफाड ते देवळाली, एवढाच माझा आजवरचा प्रवास. पासपोर्ट कुणाचाच नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये अख्ख्या देशाचे पासपोर्ट छापतात आणि आमच्या घरात एकही नाही!

सासूबाई म्हणतात, लेकरं इथेच राहू दे, तिकडे बर्फ पडतं. हे म्हणतात "तू ठरव", म्हणजे झालंच. थंडी, दूध, शाळा, आजारपण, रात्री नुसता विचार चालू असतो. कुणी लहान मुलं घेऊन राहून आलंय का? यूट्यूबवर सगळे फिरायला गेलेले लोक आहेत, संसार थाटलेलं कुणी दिसत नाही.

(निघायची तारीख आणि युनिट लिहिलं होतं, खालचा प्रतिसाद वाचून काढून टाकलं.)

निवृत्त तोपची

वहिनी, सगळ्यात आधी वरची तारीख आणि युनिटचं नाव खोडा. असं उघड्यावर लिहायचं नसतं, साहेबांनाही विचारा.

आता कागद. भूतानला जायला आपल्या माणसाला पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालतं. आधारच्या भरवशावर जाऊ नका. मुलांना पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला, मूळ प्रत, इंग्रजीत नाव असलेला. तुमच्या फॅमिली परवानगीला आणखी काय लागतं ते ऑफिसातून लेखी घ्या, तोंडी नको. आणि ती परवानगी हातात पडेपर्यंत क्वार्टर सोडू नका, मुलीचं नावही शाळेतून काढू नका. "होऊन जाईल" म्हणणारे पुष्कळ असतात, ट्रक दारात आल्यावर त्यातला एक दिसत नाही.

लामरोडची काकू

अगं, मी २०१३ ते २०१५ 'हा'ला होते. गावाचं नावच हा. सासूबाईंना फोनवर म्हटलं, "आम्ही हाला चाललो," तर त्या म्हणाल्या, "कोण हा?" शेवटपर्यंत त्यांचं तेच. जाताना माझी मुलगी चार वर्षांची आणि मुलगा नऊ महिन्यांचा होता, म्हणजे तुझ्याहून एक पाऊल मागेच. घेऊन जा मुलांना. बर्फाला भिऊ नकोस. बर्फ वर्षातून थोडे दिवस, बाकी नळ गोठतो तेवढाच त्रास, रात्री बादल्या भरून ठेवायच्या.

तोपची भाऊंनी दाखल्याचं सांगितलं, त्याला माझी जोड. दाखला आहे एवढ्यावर थांबू नकोस, उघडून वाच. माझ्या मुलाचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात होता. मी दर वेळी पिशवी बघायची आणि परत ठेवायची. निघायच्या बारा दिवस आधी उघडला तर नावाच्या जागी नुसती रेघ! जन्माची नोंद दवाखान्यातून झालेली, बारसं नंतर झालं, नाव लावायला कुणी गेलंच नाही. ते वर्षाच्या आत फुकट लागतं, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत लावता येतं, त्यामुळे काम अवघड नव्हतं. पण त्या कार्यालयात (नाव घेत नाही) चार खेटे पडले. एकदा साहेब नाहीत, एकदा शिक्का नाही. शिक्का नाही म्हणे!

दुसरं म्हणजे चढण. इथे मी गाढवपणा केला, तू करू नकोस. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास. सरहद्दीवरचं फुंत्शोलिंग त्याहूनही खाली. तिथून डोंगर चढत एका दिवसात हाला पोचतेस ते जवळजवळ २,७०० मीटरवर. रस्ता आपल्याच सीमा सडक संघटनेच्या दंतक प्रकल्पाने १९६१ पासून बांधत आणलेला, आता चांगला आहे, पण वळणं मोजायला गेलीस तर वेड लागेल. आम्ही रात्रभर रेल्वेत जागलेले, तसेच गाडीत बसलो. मुलीने डोकं दुखतं म्हणून सांगितलं. धाकटा मात्र नुसता किरकिर, दूध घेईना. मी म्हटलं दात येतायत. दुसऱ्या दिवशी आपल्या फौजी डॉक्टरांनी मला जरा झापलंच: तान्हं मूल "डोकं दुखतं" म्हणत नाही, ते खाणं सोडतं आणि रडतं. सुदैवाने दोन दिवसांत उतरलं.

म्हणून सांगते, सरहद्दीवर एक रात्र नीट झोप काढा. वर पोचल्यावर दोन-तीन दिवस सामान लावायची घाई नको, मुलांना थोडं थोडं पाणी पाजत राहा. मूल सुस्त पडलं, उलट्या थांबेनात, दम लागला तर सकाळची वाट बघायची नाही, थेट दवाखाना. खाली उतरवायची वेळ आली तर उतरवायचं. पारोकडून गेलात तर वाटेत चेले ला खिंड लागते, ४,००० मीटरला थोडीच कमी. सगळे फोटोला उतरतात. मीही उतरले होते, लेकरू कडेवर घेऊन, वाऱ्यात. कशाला, देव जाणे.

स्वयंपाकाचं ऐक. तिथे पाणी साधारण ९१ अंशांवरच उकळतं. पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवलीस तरी दाणा तसाच. दोन कुकर ने, एक लहान खिमट-भातापुरता, आणि रिंगा, शिट्ट्या, व्हॉल्व्ह जास्तीचे. माझी रिंग तिसऱ्या महिन्यात गेली आणि त्या मापाची दुसरी मिळेना, चार दिवस आम्ही मुगाच्या डाळीवर काढले. बाजरीचं पीठ नेऊ नकोस, थोड्याच दिवसांत कडवट होतं. नाचणीचं सत्त्व ने, धाकट्याला होईल. कोंडाजीचा चिवडा शेजाऱ्यापाजाऱ्यांना म्हणून नेशील आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःच संपवशील, तेव्हा जरा जास्त ने. तिखटाची काळजी नको. तिथे मिरची ही भाजी आहे, चीजमध्ये शिजवतात, एमा दात्शी म्हणतात. पावसाळा संपला की छपरंच्या छपरं लाल दिसतात वाळत घातलेल्या मिरच्यांनी. मिसळ पचवणारे आमचे हे पहिल्या घासाला गप्प झाले होते.

घरात बुखारी असेल, लाकडांची लोखंडी शेगडी, धुराड्याची नळी छतातून बाहेर जाते. तिच्याभोवती जाळीचं कुंपण पहिल्याच दिवशी करून घे. तुझा धाकटा आता चालता झालाय, हात लावणारच. आणि ती पेटती ठेवून दारं-खिडक्या गच्च लावून झोपायचं नाही, खिडकी बोटभर उघडी ठेवायचीच, कितीही थंडी असो. धूर नळीतून जातोय म्हणून निर्धास्त राहू नकोस. जीव घेणाऱ्या वायूला वासच नसतो.

पेट्या: मी नऊ नेल्या होत्या. सातव्या नंबरची पेटी परत येईपर्यंत उघडलीच नाही, तिच्यात रुखवतातली पितळी भांडी होती. कुठल्या धुंदीत भरली कोण जाणे. मुलांची मात्र एक वेगळी पेटी कर, सगळ्यात शेवटी ट्रकमध्ये चढेल आणि सगळ्यात आधी उतरेल अशी. तिच्यात त्यांची रोजची पांघरुणं, आणि ती धुवायची नाहीत. मी आईच्या नऊवारीची गोधडी स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून नेली. मुलीने नाकाशी धरली आणि म्हणाली, ही आपली नाही.

अजून एक तुला इथे राहून कळणार नाही. देवळालीत रेंजवर फायरिंग सुरू झालं की काचा थरथरतात, आपली पोरं त्यातच ढाराढूर झोपतात. हाला पहिल्या रात्री मुलगी उठून बसली. मला वाटलं डोकं दुखतंय. तर म्हणे, "आई, तोफा बिघडल्या का?"

सध्या थिंपूत

काकूंचं सगळं पटलं. थोडं आजचं सांगते. इथलं चलन नगुल्ट्रम आणि आपला रुपया एकाच भावाचे, हिशोबाची कटकट नाही. २०२१ पासून भीम यूपीआय इथे चालतं, पण प्रत्येक दुकानात नाही, थोडी रोख जवळ असू द्या. खरी गोची ओटीपीची. इथलं सिम घेतलंत की नाशिकचं सिम ड्रॉवरमध्ये पडतं आणि बँकेचा मेसेज त्याच्यावर येतो. निघण्याआधी त्या नंबरचं रोमिंग चालू करून घ्या. मी केलं नव्हतं, गॅसच्या बुकिंगपासून एलआयसीच्या हप्त्यापर्यंत सगळं दिराच्या गळ्यात पडलं.

शाळा: इथल्या शाळांचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपतं, शिकवणं इंग्रजीत, जोडीला इथली भाषा झोंगखा. म्हणजे येतानाही वर्ष मध्येच तुटणार आणि जातानाही. मुलीचं वय बघता मी तरी त्याचा बाऊ करणार नाही. पोस्टिंग नेमकी कोणत्या गावी आहे त्यावर शाळेचं ठरेल, तिथे आत्ता असलेल्या एखाद्या फॅमिलीचा नंबर साहेबांकडून मिळवा. घड्याळ अर्धा तास पुढे, आजीला फोन करताना लक्षात ठेवा, आम्ही आठला फोन केला की तिकडे साडेसातची मालिका सुरू असते आणि कुणी उचलत नाही.

सिन्नरची लेक

मी नव्हते गेले, म्हणून दुसरी बाजू. धाकटीला लहानपणी बालदम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी थंडी, उंची आणि शेगडीचा धूर तिन्ही एकदम नको म्हणून स्पष्ट सांगितलं. मी फॅमिली क्वार्टरमध्ये इथेच राहिले. पश्चात्ताप नाही. सासूबाईंना एकदम वेड्यात काढू नका, आधी दोघांना बालरोगतज्ज्ञांना दाखवा, छाती तपासून घ्या, कुठे चाललाय ते सांगा. मोठीचा पाच वर्षांचा डोस आणि धाकट्याचा दीड वर्षाचा बूस्टर राहिला असेल तर तोही इथेच उरकून लसींचं कार्ड सोबत ठेवा.

चिमण्यांची आई

सगळ्यांचे खूप आभार. काकू, तुमचं वाचताना हे शेजारी बसून हसत होते, पण बुखारीचं आलं तेव्हा गप्प झाले. धाकट्याची छाती कधी भरलेली नाही, तरी बुधवारची अपॉइंटमेंट घेतली. एकच शंका: मोठीला आत्तापासून सांगू का? ती ऐकून सगळ्या शाळेत सांगेल.

लामरोडची काकू

सांग, पण महिना आधी नको. मुलांचा महिना फार लांब असतो. मी दोन महिने आधी सांगितलं तर ती रोज सकाळी चपला घालून दारात उभी. आणि "बर्फात खेळायला" असं सांगू नकोस. आम्ही गेलो तेव्हा पावसाळा होता, तिने पहिल्या दिवशी विचारलं, बर्फ कुठंय? मग नोव्हेंबर उलटेपर्यंत तेच ऐकलं.

निवृत्त तोपची

आणि तारीख तिलाही सांगू नका!

चिमण्यांची आई

नाही सांगत, भाऊ. दाखले आत्ताच काढून बघितले. मोठीचा नीट आहे. धाकट्याच्या नावापुढे रेघ आहे. तो निफाडला झाला, त्याला वर्ष उलटून गेलंय. उद्या सकाळच्या एसटीने जाते, शिक्का असू दे म्हणजे झालं.