जुनी वायफाय कार्डं, नवा राऊटर: सगळं एकाच कंपनीचं घ्यावं लागेल का?

अभ्यासिका_अमळनेर
राम राम मंडळी. अमळनेरला स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी छोटी अभ्यासिका चालवतो. सात जुने डेस्कटॉप आहेत, सगळे देणगीत आलेले, त्यामुळे वायफाय कार्डं निरनिराळ्या कंपन्यांची. मागच्या आठवड्यात फायबर घेतलं, त्यासोबत वायफाय ६ चा राऊटर आला. पोरांचे मोबाइल लगेच जोडले गेले, डेस्कटॉप मात्र तीनच. दोघांना नेटवर्कचं नावच दिसत नाही. एकाला दिसतं, पण पासवर्ड बरोबर असूनही जोडत नाही. एक जोडतो आणि तुटतो. दुकानदार म्हणतो, सगळी कार्डं राऊटरच्याच कंपनीची घ्या. पैसा वर्गणीचा आहे, म्हणून आधी इथे विचारतो.

भुसावळकर
दादा, एक रुपयाही खर्चू नका अजून. कार्ड आणि राऊटर एका कंपनीचे असण्याची गरज नाही. दोन्ही वायफायच्या ८०२.११ या एकाच मानकावर चालतात, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकमेकांशी जुळावा म्हणूनच २००० पासून वायफायचं प्रमाणन सुरू आहे. दुकानदाराचा समज बहुतेक जुन्या काळातला असावा. तेव्हा ५४ एमबीपीएसच्या जागी १०८ लिहिलेली कार्डं मिळायची. तो जादा वेग दोन्हीकडे एकाच घराण्याची चिप असली तरच मिळे. पण नुसतं जोडलं जाणं तेव्हाही अडत नव्हतं.

तुमची अडचण राऊटरच्या सेटिंगमध्ये आहे असं मला वाटतं. आधी सुरक्षा बघा. डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत असेल तर जुनं कार्ड पासवर्ड बरोबर असूनही अडतं. त्याआधीची डब्ल्यूपीए२ ठेवा, सोबत एईएस हे एन्क्रिप्शन. टीकेआयपी हे जुनं एन्क्रिप्शन निवडू नका, त्याने एन (म्हणजे वायफाय ४) कार्डसुद्धा ५४ एमबीपीएसवर येतं.

मग २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला चॅनल बघा. राऊटर आपोआप १२ किंवा १३ वर गेला असेल तर अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या कार्डांना तो दिसतच नाही, ती ११ पर्यंतच बघतात. आपल्याकडे १३ पर्यंत चालतात, म्हणून मोबाइलला फरक पडला नाही. १, ६ किंवा ११ पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कची नावंही वेगळी ठेवा.

एवढं करूनही नाव दिसलं नाही तर ड्रायव्हर बघा, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. वायफाय ६ च्या आधीचे काही ड्रायव्हर नव्या राऊटरचं नेटवर्क यादीतच दाखवत नाहीत. कार्डाच्या चिपचा नवा ड्रायव्हर टाका. तोही मिळाला नाही तर २.४ वर 'एएक्स' (म्हणजे वायफाय ६) बंद करून बघा.

धुळ्याचा_केबलवाला
भुसावळकरांशी सहमत. पण डेस्कटॉप जागचे हलणार नसतील तर सरळ लॅन केबल टाका ना! टेस्ट सुरू असताना नेट तुटलं की पोरगं रडकुंडीला येतं, मी पाहिलंय. आठ पोर्टचा एक नेटवर्क स्विच पुरतो. आणि राऊटर पत्र्याखाली ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पत्रा कसा तापतो ते सांगायला नको.

अभ्यासिका_अमळनेर
दादा, काल रात्री बसलो. चॅनल खरंच १३ वर होता! ६ केला आणि एक मशीन लगेच दिसायला लागलं. दुसऱ्याला ड्रायव्हर टाकावा लागला, पेन ड्राइव्हवरून. पासवर्डवाला डब्ल्यूपीए२ केल्याबरोबर जोडला गेला. जोडून तुटणारा मात्र अजून तसाच आहे, त्याचं डोंगल लोखंडी कपाटामागे येतं.

भुसावळकर
मग त्यालाच यूएसबीची एक्स्टेंशन वायर लावून डोंगल कपाटाच्या वर घ्या. कपाट हलवता येत असेल तर आणखी चांगलं.

अभ्यासिका_अमळनेर
कपाट भिंतीत बसवलंय. वायरही आडवी येते, पोरं अडकतील. त्या एका मशीनला लॅन केबल ओढली आज दुपारी, पंधरा मीटर लागली. बठ्ठं चालू व्हयनं भाऊ. राऊटरही पत्र्याखालून काढून पुस्तकांच्या मांडणीवर ठेवला.