पाथ बरोबर असेल तर टक्क्याचं चिन्ह बघा

एखादी स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते आणि क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी लिनक्समधली सोय) चालत नाही म्हणजे पाथचाच, म्हणजे फाइलच्या पत्त्याचाच घोळ, असं म्हणतात ते बहुतेक वेळा खरंय, पण दरवेळी नाही. माझ्या बॅकअपच्या जॉबला सगळे पाथ पूर्ण दिलेले, परमिशनही नीट, तरी आठवडाभर एकही फाइल तयार झाली नाही आणि लॉगही कोरा. शेवटी मशीनवरच्या लोकल मेलबॉक्समध्ये डोकावलो तर रोज रात्रीची एक मेल पडलेली, शेलची (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) तक्रार की उघडलेला कंस बंदच होत नाहीये.

फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून कंसात डेट कमांड वापरली होती, तिच्यातलं टक्क्याचं चिन्ह नडलं. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी असते त्या फाइलमध्ये) पहिल्या टक्क्यापाशी कमांड तुटते आणि पुढचं सगळं तिला इनपुट म्हणून दिलं जातं, माझं आउटपुट लॉगकडे वळवणं ओळीच्या शेवटी होतं, तेही त्यातच गेलं (म्हणून लॉग कोरा!). प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर सरळ कमांड वेगळ्या स्क्रिप्टमध्ये टाकून ती क्रॉनमधून बोलवा, तिथे ही भानगड नाही. अवतरणचिन्हात घालून काही होत नाही, तेही करून झालंय.