संकासुराची काठी सॅन दिएगोला नेता येईल का? (तातडीचं)

वैशाली (सध्या मुक्काम गुहागर)

मंडळी, शिंपी उद्या शृंगारतळीहून झगा घेऊन येतोय, त्याआधी काठीचं ठरायला हवं, म्हणून घाईत लिहितेय. आमच्या चिन्मयचं कॉमिक-कॉनचं (सॅन दिएगोचा कॉमिक्सचा मेळा, लोक सोंगं घेऊन जातात) सोंग ठरलं, आपल्या शिमग्यातला संकासूरच. काळा पायघोळ झगा, उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरं. टोपीत कामट्या न घालता जाड कापडाचं अस्तर लावतोय, म्हणजे घडी होईल. घुंगरं सामानाच्या बॅगेत जातील. अडलंय ते काठीवर. वाडीतले खेळे (शिमग्यात सोंगं घेऊन घरोघरी फिरणारे) म्हणतात, हातात काठी नाही तो संकासूर कसला. वेताची आहे, चिन्मयच्या खांद्याला लागते, बॅगेत तिरकी घातली तरी मावत नाही. आणली तरी आत सोडतील का? नीलेश, तुला माहीत असेल.

नीलेश

वैशालीताई, वेताची आणू नकोस. सॅन दिएगोचा नियम स्पष्ट आहे: खरं हत्यार किंवा खरोखर वापरता येईल अशी सोंगाची वस्तू आत नाही. सोंगाचा भाग म्हणून खोटं चालतं, पण तेही सुरक्षावाले आधी तपासतात. वेत म्हणजे मारला तर लागेल अशी वस्तू. दारावरचा माणूस "हो" म्हणेल या भरवशावर पोराला रांगेत उभं करू नये. इथे अमेरिकेत फोमची नळी घेऊ, तपकिरी रंग देऊ, पेरं काढू. मी करून देतो.

दुसरं, चिन्मय आता तेराचा. मोठ्यांबरोबर फुकट प्रवेश बारा वर्षांपर्यंतच, तेव्हा त्याच्या नावाचा बॅज (प्रवेशपत्र) झालाय ना, एकदा बघ. गेल्या वेळी आपल्या मराठी मंडळात कुणीतरी "आमचा बॅज पडून आहे, घ्या" म्हणालं होतं. तसं चालत नाही. बॅज ज्याच्या नावाचा, त्यानेच वापरायचा.

आणि हॉल एचचा (मोठ्या कार्यक्रमांच्या सभागृहाचा) हट्ट पहिल्या वर्षी नको. साधारण 6,500 माणसं बसतात, पण दोन कार्यक्रमांच्या मधे हॉल रिकामा करत नाहीत. सकाळी बसलेला संध्याकाळपर्यंत उठत नाही आणि बाहेरची रांग आदल्या रात्रीपासून असते. त्यापेक्षा खाली चित्रकारांच्या टेबलांवर जा. माणूस समोर बसून शाई लावत असतो. चिन्मयला चित्रकलेची आवड आहे, त्याचं खरं कॉमिक-कॉन तिथेच आहे.

मुकुंदकाका

वैशाली, सोंग करतेस याचा आनंद आहे, पण संकासूर म्हटलं की आमच्या मालवणकडचा आठवावा. दशावतारात आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, आणि मग ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा हा. विष्णूच्या हातून मरायच्या आधी सगळ्या जत्रेला मालवणीत हसवून सोडतो. चिन्मयला दोन वाक्यं पाठ करून घे. कुणी फोटो मागितला की "काय रे, खयसून इलंस?" असं विचारायचं. नुसता झगा घालून उभं राहणं म्हणजे सोंग नव्हे.

सुप्रिया

काका, गुहागरचा संकासूर शिमग्यातला, खेळ्यांबरोबर घरोघरी फिरणारा. त्याला मालवणी कशाला बोलायला लावायचं? माझं माहेर पालशेतचं. लांबून घुंगरांचा आवाज आला की आम्ही पोरं माजघरात पळायचो आणि आजी सुपात तांदूळ घेऊन ओटीवर उभी राहायची. आमच्याकडे हे मानाचं सोंग आहे. वैशालीने वाडीत विचारून केलं, हे मला सगळ्यात आवडलं.

मुकुंदकाका

सुप्रिया, मान आमच्याकडेही आहे. रात्रभर जागून देवळासमोर खेळ होतो, तो काही करमणूक म्हणून नव्हे.

अनघा

काठीबद्दल. मला दोघांनी खासगीत विचारलं, की मंडळाच्या मिरवणुकीच्या पथकाच्या ध्वजाच्या काठ्या आहेत, त्यातली एक द्या. नाही. त्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत, सुरक्षेचा प्रश्न तोच येणार. आणि गणपतीच्या पेटीतलं सामान हवं असेल तर आधी मला मेल करायचा, परस्पर गॅरेजमधून न्यायचं नाही. लेझीम कमी भरल्या तेव्हा ऐन मिरवणुकीच्या सकाळी मुलींना रडताना मी पाहिलंय. नीलेश, फोम कापायला माझ्याकडे गरम तारेचं कटर आहे, ते खुशाल ने.

नीलेश

अनघाताई, शनिवारी येऊन नेतो. वैशालीताई, टोपीची उंची कळव. कार्यक्रमात बसताना ती काढून मांडीवर घ्यावी लागेल, मागच्याला दिसायला हवं. घुंगरंही बसल्यावर वाजणार नाहीत अशी बांध, झग्याच्या आत फडक्यात. आणि तोंड झाकणार असाल तर पाणी पिण्यासाठी नाकाखालचा भाग सुटा ठेव. जुलैतल्या गर्दीत जाड काळं कापड अंगावर असणार.

वैशाली

ठरलं. काठी इथेच घरी राहील, नीलेश तू फोमची कर. टोपी सव्वा हात आहे. नाकाखालची पट्टी सुटी ठेवायला आत्ताच शिंप्याला फोन केला, तो म्हणतो हुक लावतो. बॅज चिन्मयच्या नावाचाच आहे, मेल उघडून पाहिला. सुप्रिया, तुझ्या आजीसारखं तांदूळ द्यायला इथल्या सासूबाईही उभ्या राहतात, त्यांना तुझा मेल वाचून दाखवला. मुकुंदकाका, चिन्मय तुम्हाला रविवारी व्हिडिओ कॉल करणार आहे. मालवणी वाक्य त्याला हवंच आहे, पण झग्यात असताना बोलायचं की नाही ते वाडीतल्यांना विचारून सांगते.