डेंटल मेकॅनिक्स डिप्लोमा: कॉलेज बघताना काय तपासावं? घरी सराव काय करावा?

रंकाळाकाठ: धाकटा भाऊ यंदा बारावी सायन्स झालाय. हात चांगला चालतो, शाडूच्या मूर्ती करतो. दोन वर्षांचा डेंटल मेकॅनिक्सचा, म्हणजे लॅबमध्ये कवळ्या आणि दात बनवायचा डिप्लोमा करायचा म्हणतोय. कॉलेज बघायला गेल्यावर नेमकं काय विचारू? तोवर घरी काय करता येईल?

मेणकाम: पहिला प्रश्न एकच: या डिप्लोमावर राज्य डेंटल कौन्सिलकडे डेंटल मेकॅनिक म्हणून नोंदणी होते का? तोंडी उत्तर घेऊ नका, मान्यतेचा कागद बघा. मग लॅब बघा. प्रत्येक मुलाला स्वतःचं टेबल, बर्नर आणि मेणाची सुरी मिळते का? मागच्या बॅचच्या मुलानं मॉडेलपासून पॉलिशपर्यंत एकट्यानं केलेली पूर्ण कवळी दाखवा म्हणावं. नुसती काचेच्या कपाटातली मॉडेल्स दाखवली तर मी तिथं प्रवेश घेऊ देणार नाही.

घरी साबणाच्या वडीत दात कोरायला लावा, खऱ्याच्या तिप्पट मापाचे. आधी वरचा पुढचा दात, मग खालची पहिली दाढ. तिला पाच कस्प, म्हणजे चावायच्या बाजूची टोकं असतात, गालाकडे तीन, जिभेकडे दोन. मूर्ती करणारा हात सगळीकडे गोलाई देतो, आणि शेजारच्या दाताला जिथं टेकायचं ती जागाच कोरून जाते. म्हणून दर दोन-चार कापांनंतर व्हर्नियर लावायचा.

रंकाळाकाठ: मूर्तीमुळं प्लास्टर त्याच्या हातातलंच आहे. ते तरी सोपं जाईल ना?

शाहूपुरीकर: उलट तीच सवय मोडावी लागेल दादा. मूर्तीचं प्लास्टर अंदाजानं कालवतात, इथं वजनकाटा लागतो. १०० ग्रॅम डेंटल स्टोनला (मॉडेलचं कडक प्लास्टर) २८ ते ३० मिली पाणी, साध्या प्लास्टरला ४५ ते ५०. वाटीत आधी पाणी, मग पावडर. उलट केलं की तळाशी कोरडे गोळे आणि हवा अडकते. पाणी जास्त झालं तर मॉडेल मऊ राहतं, सुरी लागली की दाताची कड झिजते आणि क्राऊन, म्हणजे दातावरची टोपी, बसत नाही. अल्जिनेटचं माप, म्हणजे तोंडातला ठसा, आलं की लाळ धुवायची आणि १५ मिनिटांच्या आत त्यात स्टोन ओतायचं. उघडं ठेवलं तर आकसतं, पाण्यात बुडवलं तर फुगतं.

अ‍ॅक्रिलिकलाही तेच. कवळीच्या या प्लास्टिकची पावडर तीन भाग, मोनोमर हा द्रव एक भाग, मापानं. फ्लास्क, म्हणजे साच्याचा डबा, थेट उकळत्या पाण्यात टाकला की जाड भागातला मोनोमर उकळतो आणि कवळीच्या पोटात बुडबुडे राहतात. ७४ अंशाला दीड-दोन तास, मग तासभर उकळी. बाहेर काढल्यावर लगेच नळाखाली धरू नका, कवळी वाकते.

उद्यमनगर_फाउंड्री: कास्टिंगचं तत्त्व आमच्या फाउंड्रीसारखंच. स्प्रू, म्हणजे धातू आत जायची वाट, मेणाच्या सगळ्यात जाड भागाला जोडायचा आणि तो स्वतःही जाड ठेवायचा. बारीक ठेवला तर धातू स्प्रूमध्ये आधी गोठतो, पुढं भर मिळत नाही, आणि क्राऊनमध्ये पोकळी राहते. भावाला एकदा शिवाजी उद्यमनगरात रायझर (गोठताना भर देणारा जादा धातूचा साठा) दाखवून आणा, लगेच कळेल.

रंकाळाकाठ: आता सगळं कॉम्प्युटरवर होतं म्हणतात. मग मेण कशाला?

मेणकाम: स्क्रीनवरही दाताचा आकार त्यालाच ठरवायचाय. झिर्कोनिया (क्राऊनचं सिरॅमिक) भट्टीत साधारण २० टक्के आकसतो, तो हिशोब सॉफ्टवेअर करतं. चावा उंच झालाय हे मात्र त्याच्या डोळ्याला दिसलं पाहिजे. पहिलं वर्ष मेण, दुसऱ्या वर्षी सॉफ्टवेअर.

आणि लॅब बघायला जाल तेव्हा ग्राइंडिंगच्या टेबलापाशी धूळ ओढणारं सक्शन चालू करायला सांगा. निकेल-क्रोमची आणि इन्व्हेस्टमेंटमधल्या (कास्टिंगच्या साच्याचं मटेरियल) सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, कापडी मास्क पुरत नाही.